चुलीत झोपणारी मांजर

तारीख सतरा डिसेंबर. काम रोजचंच. पाणी तापवायच्या चुलीसाठी परसातल्या ढिगातून तुराट्या काढायच्या होत्या. थंडीत वरच्या तुराट्या दवाने ओल्या होतात आणि नुसत्या धुपत राहतात, म्हणून मी खालच्या ओढत होते. तेवढ्यात न्हाणीकडून किंकाळी आली. आधी वाटलं, शेजारचं लेकरू भाजलं. मग कळलं, मांजर आहे.

हातातल्या तुराट्या टाकून मी धावले. आमचे मालक चुलीपुढे काडेपेटी धरून उभे होते. शेतातल्या मोटारीची लाइट त्या आठवड्यात सकाळी होती आणि त्यांना गव्हाला पाणी द्यायला जायचं होतं. माझी वाट न बघता त्यांनी चुलीच्या तोंडात पाचोळा कोंबून काडी लावली होती. मांजर आत, पार मागच्या कोपऱ्यात, राखेत अंग मुरडून झोपलेली. बाहेर यायला वाट एकच आणि त्या वाटेवर जाळ. ती जाळातूनच बाहेर आली आणि घरात पळाली. मागे जळक्या केसांचा वास राहिला.

"मला काय माहीत आत कोण हाय ते?" मालक म्हणाले.

सासूबाई काठी टेकत मागच्या दारात आल्या होत्या. "पन्नाशी उलटली तुझी," त्या लेकाला म्हणाल्या, "अन् घरात कोण कुठं निजतं ते तुला माहीत न्हाई?"

खरं तर त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. आमच्या घरात चूल पेटवणं हे बायकांचं काम, आणि चूल पेटवायच्या आधी काय करायचं हेही बायकांनाच ठाऊक.

ही मांजर सासूबाईंची. सासरे गेले त्या हिवाळ्यात कुठून तरी आली, एवढीशी होती, आणि पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या चुलीत जाऊन बसली. भाकरी झाल्यावर सासूबाई इंगळ बाहेर ओढायच्या, पाणी शिंपडायच्या, राख सारखी करायच्या. आतली माती रात्रभर कोमट राहायची. तेव्हापासून मांजरीची झोपायची जागा तीच. मूळची ती पांढरी, पण आमच्या घरात ती पांढरी कधी दिसली नाही. कायम राखी. पाहुण्यांना वाटायचं, तोच तिचा रंग.

सकाळी चूल पेटवायच्या आधी सासूबाई फुंकणी घेऊन वैलावर, चुलीच्या बाजूच्या छोट्या तोंडावर, दोन ठोके द्यायच्या. "उठा बाई, दिवस निघाला," म्हणायच्या आणि थांबायच्या. मांजर आधी पुढचे पाय बाहेर काढायची, आळस द्यायची, मग सगळी बाहेर यायची आणि राखेची पावलं उमटवत दुधाच्या भांड्याकडे जायची. मग काडी. मला हे कोणी शिकवलं नाही. पाहून मीही तसंच करू लागले. कधी पुरुषांना सांगितलं नाही, कारण ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं कोणाच्या मनातच आलं नाही.

या दिवाळीला मी ती चूल मोडली. त्याचं कारण मांजरीपेक्षा मोठं होतं. मागच्या थंडीत सासूबाईंचा दम एवढा वाढला की त्यांना हिंगोलीला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात चूल आहे का? आहे म्हटल्यावर ते म्हणाले, मग औषधं कशाला नेता? गॅस आमच्याकडे होता, पण भाकरी चुलीवरचीच लागते म्हणून चूल रोज पेटायची आणि सासूबाई रोज तिच्यापुढे बसायच्या. आपणहून त्या उठल्या नसत्या. मी गवंडी बोलावला, चूल फोडली, ओटा बांधला, खाली फरशी बसवली. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. या हिवाळ्यात त्यांचा दम एकदाही उसळला नाही.

पण मांजरीला हे कोण सांगणार? ती रोज संध्याकाळी यायची आणि जिथे चूल होती तिथे फरशीवर बसायची. फरशी म्हणजे डिसेंबरात बर्फ. मी पोतं टाकलं, ती पोत्यावरून उठून पुन्हा फरशीवर. वाकळीची घडी ठेवली, हुंगून निघून गेली. यंदा घरात कापूस असता तर त्या ढिगात शिरली असती, पण आम्ही हळद, सोयाबीन आणि तूर लावली होती, कापूस नव्हताच. महिन्याभरात तिच्या अंगावरची राख गेली आणि ती पांढरी झाली. तेव्हा दिसलं की ती किती वाळली आहे.

"माय, कफन पांघरल्यावानी दिसून राहिली," सासूबाई म्हणाल्या होत्या.

नोव्हेंबर संपता संपता ती न्हाणीपुढच्या, पाणी तापवायच्या चुलीत जाऊ लागली. ती चूल उघड्यावर, वारा लागणारी, पहाटेपर्यंत राख पार गार. तरी राख ती राखच. तिच्या पाठीवर पुन्हा करडी झाक दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी तिथेही फुंकणीचे दोन ठोके द्यायला लागले. सतरा तारखेपर्यंत ते पुरलं.

धान्याच्या कोठीमागे ती सापडली. एका कुशीवर तळहाताएवढी जागा भाजली होती, तिथे केस नव्हते, कातडी लाल. एका पंजाची खालची गादी सोललेली. मिशा एका बाजूच्या गेलेल्या. मी तिला टॉवेलात गुंडाळून बोअरच्या तोटीखाली धरलं. थंडीत बोअरचं पाणी कोमट असतं, ते बरं झालं. ती ओरडली नाही, ओरबाडलंही नाही, आणि मला ते आवडलं नाही. ही मांजर अंगाला हात लावू देणारी नाही.

शेजारीण आवाज ऐकून आली होती. त्यांच्याकडे मेंढरं आहेत, वाड्यात कायम कोणी ना कोणी जखमी असतं, त्यामुळे सल्ला तयार. "हळद अन् गोडतेल लावा वैनी, दोन दिसांत खपली धरंल."

"आधी डॉक्टरला विचारते."

"मांजरीला डाक्टर?" ती हसली. "आमच्या मेंढराचं नशीब न्हाई बा तसं."

मालक गव्हाकडे गेले नाहीत. त्यांनी मोटरसायकल काढली. किक मारून उभे राहिले. मी मांजरीला टॉवेलासकट पिशवीत घेतलं, वरून शाल घातली आणि आम्ही जवळच्या गोरेगावला गेलो. तिथे जनावरांचे एक डॉक्टर बसतात. दारात दोन गाई आणि एक बोकड होता. बोकडवाला माझ्या पिशवीत डोकावून म्हणाला, "वाघीण आणली का?" मी म्हटलं, "होय, सरका." तो सरकला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी भाजलेलं पाहिलं, मग तिच्या कातडीला चिमटा घेऊन सोडला. चिमूट तशीच उभी राहिली. मग ताप मोजला. ताप नव्हताच. उलटंच होतं.

"काकू, भाजलंय ते फार नाही. ते भरून येईल. पण हिचं अंग गार आहे. पाणी पीत नसणार ही."

"थंडीत पाण्याला शिवत नाही."

"थंडीत मांजरं पाणी कमी पितात. म्हातारी झाली की त्यातच जातात. कोमट पाणी ठेवा, खाण्यात कालवून द्या. खाणं थोडं जास्त द्या, थंडीत अंग तापवायलाच निम्मं जातं. आणि आज ऊब पाहिजे. रात्रभर अंग गरम राहिलं तर ही वाचेल. नाही तर सांगता येत नाही."

मालकांनी विचारलं, दुखण्यावर आपली तापाची गोळी चालेल का, घरात आहे.

"चुकूनही देऊ नका. तेवढ्याने मांजर मरतं."

मी हळदीचं विचारलं. ते म्हणाले, हळद नको, तेल नको, बामसुद्धा नको, ती अंग चाटते, जे लावाल ते पोटात जाईल. आमच्या भागात, जिथे निम्म्या शिवारात हळद उभी असते, तिथे जखमेला हळद लावू नका म्हणणं सोपं नाही. पण मी ऐकलं. त्यांनी कातडीखाली सलाईन टोचलं, मलम लावून वर पट्टी बांधली आणि एक इंजेक्शन दिलं. परत येताना ती शालीत एकदा हलली. तेवढंच.

घरी आलो तर सासूबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या होत्या. जिथे चूल होती तिथेच. त्यांचं ताट झाकलेलं तसंच होतं.

मी डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. त्यांनी मांजरीच्या कपाळावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चूल मांड."

"काय?"

"माती भिजव. मी सांगते तशी मांड. इथंच. आजच्या आज."

"ते नाही होणार, आत्याबाई."

"काहून?"

"तुमच्या छातीसाठी मोडली. विसरल्या का दवाखाना?"

"छाती माझी हाय."

"अन् रात्री दम लागला की मलाच उठवता. छाती तुमची, पण जागरण माझं."

एरवी अशा बोलण्यावर त्या हसल्या असत्या. हसल्या नाहीत. "ती मेली तर गारठ्यानं मरंल," त्या म्हणाल्या. "अन् गारठा आपण घरात आणला." मग भिंतीकडे तोंड करून बसल्या. ताट तसंच राहिलं.

मला रडून काही करता येत नाही, वाद घालूनही नाही. काही तरी करायला घेतलं की डोकं चालतं. मी परसात गेले. ओट्याच्या बांधकामातून उरलेल्या विटा न्हाणीच्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. त्या पाहिल्यावर माझ्या पहिल्या बाळंतपणातलं आठवलं. आई वीट तापवून, फडक्यात गुंडाळून माझ्या कमरेशी ठेवायची. संध्याकाळी ठेवलेली वीट पार उशिरापर्यंत ऊब धरायची. धूर नाही, जाळ नाही, इंगळ नाही.

न्हाणीपुढच्या चुलीत आधी हात घालून पाहिलं, मग ती पेटवली आणि एक वीट जाळात ठेवली. ती तापेपर्यंत खोकं शोधलं. फरशीची पुठ्ठ्याची खोकी माळ्यावर होती, जाड आणि मजबूत. एक आडवं करून लाकडी पाटावर ठेवलं, म्हणजे खालून गारठा येणार नाही. तोंड भिंतीकडे केलं, वारा नको म्हणून. आत पोतं, त्यावर जुन्या लुगड्याची वाकळ. वीट निम्म्याच भागात ठेवायची आणि निम्मा भाग मोकळा, म्हणजे तिला जास्त वाटलं तर सरकता येईल. सकाळी एकदा भाजली होती. संध्याकाळी माझ्या हातून भाजायला नको.

शेजारीण पुन्हा आली. या वेळी हसली नाही. काखेत घोंगडीचा तुकडा होता, जुना, मेंढरांचा वास येणारा. "वीट ह्याच्यात गुंडाळा," म्हणाली. "थंडीत कोकरू झालं की आमी ह्येच पांघरतो." आणि जाताना दारातून, "काय म्हणला मग वाघिणीचा डाक्टर?"

"हळद लावू नका म्हणाला."

"येडा हाय."

वीट आधी पोत्याच्या फडक्यात, मग घोंगडीत गुंडाळली. लेकरांच्या आंघोळीचं पाणी पाहतात तसं मनगटाच्या आतल्या बाजूने पाहिलं. आणखी एक घडी घातली. मग खोक्यात ठेवली आणि मांजरीला आत सोडलं.

ती उठली आणि तीन पायांवर बाहेर आली. चुलीच्या जागेवर, सासूबाईंच्या पायाशी फरशीवर बसली. मी पुन्हा आत ठेवली. पुन्हा बाहेर. तिच्या अंगात जोर नव्हता आणि उरलेला ती चालण्यात घालवत होती. मला राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही.

"तुझ्या खोक्यात नव्याचा वास येऊन राहिला," सासूबाई भिंतीकडे तोंड करूनच बोलल्या. "राख पाहिजे तिला."

"राख जखमेत जाईल."

"मोकळी नको टाकू. पुरचुंडी बांध."

मी चुलीबाहेर काढून ठेवलेली गार राख चाळली, धोतराच्या फडक्यात घेतली आणि घट्ट पुरचुंडी बांधली. सासूबाईंनी ती हातात घेऊन दाबून पाहिली, गाठ सैल आहे म्हणून सोडून पुन्हा बांधली आणि खोक्यात वाकळीखाली सरकवली. मग मांजरीला स्वतःच उचलून आत ठेवलं. तिने वाकळीवर नाक नेलं. बराच वेळ हुंगत राहिली. मग पट्टीची बाजू वर करून, विटेला पाठ लावून बसली. बाहेर आली नाही.

दुधात कोमट पाणी आणि भाकरीचा कुस्करा कालवून ठेवला. तिने त्यातलं थोडं चाटलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि मग स्वतःचं ताट ओढलं.

दिवस मावळायच्या सुमाराला खोकं सासूबाईंच्या बाजेखाली ठेवायचं ठरलं. मी खोकं सरकवायला वाकले तेव्हा माझा हात बाजेवर बसलेल्या सासूबाईंच्या पायाला लागला. पाय कसला, ओला दगड. मी दोन्ही पाय हातात धरले. घोट्यापर्यंत गार, बोटं निळसर.

"आत्याबाई, पाय किती गार!"

"रोजच असतात."

"कधीपासून?"

"चुलीपुढं बसायचे तवा शेकून निघायचे. आता न्हाई निघत."

"सांगितलं का नाही?"

"तू येवढ्या हौसेनं ओटा बांधला. त्याच्यात मी पायाचं काय सांगू?"

मी मांजरीकडे रोज पाहत होते, ती खाते का, वाळली का, कुठे बसते. सासूबाईंची छाती तेवढी ऐकत होते. पायांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. मी म्हटलं, "थांबा, अजून एक वीट तापवून आणते."

"नको."

"का नको? विटा ढीगभर आहेत."

"आजची रात जाऊ दे." त्या बाजेवर आडव्या झाल्या आणि गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. "ती राहिली तर सकाळी मला बी एक वीट ठेव."

"अन् नाही राहिली तर?"

"तर मग नको."

मी ऐकून घेतलं आणि मालकांचे लोकरीचे मोजे आणून त्यांच्या पायात चढवले. त्यांनी पाय झाडले नाहीत. झोपायच्या आधी मांजरीची वीट एकदा बदलली, कोमट पाणी बदललं, पट्टी जागेवर आहे ते पाहिलं. मांजरीचे कान गार होते. पोट गार आहे का ते मला नीट कळलं नाही, माझेच हात गार होते. मग मी झोपले. जागून बघत बसण्याने तिच्या अंगात ऊब येणार नव्हती, आणि सकाळी काम असतंच.

दुसऱ्या दिवशी उठल्यावर आधी दोन्ही हात काखेत धरून गरम केले, मग बाजेखाली खोक्यात घातले. वीट गार पडली होती. मांजर विटेपासून सरकून पुरचुंडीवर डोकं ठेवून पडली होती. मी पोटाखाली हात नेला. अंग कोमट होतं, आणि हात लावल्याबरोबर तिने मला ओरबाडलं. मनगटावर तीन रेघा उठल्या. वाटीतलं पाणी निम्मं झालं होतं.

वर सासूबाईंचे डोळे उघडे होते. किती वेळचे ते विचारलं नाही. मी मनगट त्यांना दाखवलं. त्यांनी रेघांकडे पाहिलं, मग छताकडे.

"जा मग," त्या म्हणाल्या. "पाणी तापव."

बाजेच्या उशाशी फुंकणी होती. चूल मोडली तेव्हा भंगारात देऊ म्हटलं तर त्यांनी देऊ दिली नव्हती, आणि रोज काम झालं की ती परत तिथेच ठेवायची असा त्यांचा दंडक. ती घेऊन मी न्हाणीकडे गेले. मालक चुलीपुढे उभे होते. तुराट्या मोडून तयार, काडेपेटी हातात, पण काडी ओढली नव्हती. मी मांजरीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि फुंकणीसाठी हात पुढे केला.

त्यांनी चुलीच्या काठावर दोन ठोके दिले. आत कोणी नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी ते थांबले, मीही थांबले. मग त्यांनी काडी ओढली. मी भिंतीकडून दोन विटा आणल्या आणि जाळाच्या दोन बाजूंना ठेवल्या.